‘विसाव्या’वर कुणी बसेना

लग्नकार्यात कुणीतरी विचारतं, "सिस्टर, तुमची नोकरी कुठल्या हॉस्पिटलात झाली?" मी सांगते, अर्धी कल्याणच्या हॉस्पिटलात आणि अर्धी घोडबंदर रोडच्या पार्कात. मग समोरची बाई माझ्याकडे अशी बघते, जसा काही मी आकाशपाळण्यात बसून पगार घेतला. "पार्कात नर्सचं काय काम हो?" हा प्रश्न ठरलेला. पूर्वी मी चिडून एका वाक्यात उत्तर द्यायचे. आता वय झालं, आता सविस्तर चिडते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. घोडबंदर रोडला तेव्हा टॉवर उगवायला नुकतीच सुरुवात झालेली. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या मोकळ्या जागेत हे पार्क. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, पाळणे, भुताचं घर, छोटी आगगाडी, सगळा जामानिमा. मुंबईपासून कसारा-कर्जतपर्यंतची माणसं यायची. हॉस्पिटलातल्या रात्रपाळ्यांना मी कंटाळलेले, घर ठाकुर्लीला, मुलं शाळेत. इथे रात्री ड्यूटी नाही म्हटल्यावर मी फार चौकशी न करता अर्ज टाकला. फर्स्ट-एडची एक खोली, एक पलंग, दोन खुर्च्या, एक कपाट आणि मी. डॉक्टर ठाण्यात बसायचे, फोन केला की यायचे.

लोकांना वाटतं तिथे रोज कुणीतरी पाळण्यातून पडत असेल. छे. पडणारे फार कमी. गुडघे खरचटतात, कानात पाणी जातं, गोल फिरून उलट्या होतात, पाण्याने बोटं फुगून अंगठ्या अडकतात. एका गृहस्थांची कवळी घसरगुंडीत सुटली आणि त्यांच्या आधी खाली पोचली. ते बिचारे तोंडावर हात धरून माझ्याकडे आले आणि खुणांनी सांगायला लागले. मला वाटलं जबडा निखळला. मी जबडा चाचपायला गेले, तर ते रागावून काहीतरी बोलले, ते मला कळलं नाही, आणि नाही कळलं तेच बरं झालं.

पण माझ्याकडे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना खरं म्हणजे काहीच झालेलं नसायचं. ती माणसं फक्त दमलेली असायची. आपल्याकडे दमणं हे दुखणं आहे असं कुणी मानतच नाही. ताप आला तर झोपायची परवानगी, नुसतं दमलात तर "चला, अजून तीन राईड राहिल्यात." दमलेली माणसं मी लांबून ओळखायचे. बाप उगाच पोराच्या पाठीत धपाटा घालतो. दोन जावा एकमेकींशी बोलायच्या थांबतात. आजोबा खांब दिसला की टेकतात. घरातल्या घरात भांडण जुंपलेलं दिसलं की मी जवळ जाऊन म्हणायचे, "सगळ्यांनी आधी सावलीत बसा, मग भांडा." बसले की भांडायचं विसरायचे. त्यात औषध वगैरे काही लागत नाही.

अडचण एकच, बसायचं कुठे? पार्क आखणाऱ्यांनी परदेशातली चित्रं बघून आखलेलं. चित्रात सगळे उड्या मारत होते, त्यामुळे बसायची सोय करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी हिंडून हिंडून जागा हेरून ठेवलेल्या. पंपाच्या खोलीमागची भिंत भर दुपारी गार असायची, आतून पाण्याचे पाइप गेलेले म्हणून. आगगाडीच्या खोट्या स्टेशनात बाकडी होती, गाडी चालवणारा माणूस भला, तिकीट नसलं तरी बसू द्यायचा. भुताच्या घराच्या पाठीमागे मोठं शिरीषाचं झाड, फक्त आतून सारख्या किंकाळ्या यायच्या. त्याची सवय झाली की तिथे झोपसुद्धा लागते. अंगावर पिणारं बाळ असलेल्या बाईला मी पंपाच्या भिंतीकडे पाठवायचे, म्हाताऱ्यांना स्टेशनात. पण जागा चांगली म्हणजे नुसती सावली नव्हे. पाठ टेकायला काहीतरी हवं आणि तिथून आपली पोरं दिसायला हवीत. नाहीतर बसलेली आई दर मिनिटाला उठते, मग ते बसणं कसलं?

आणि मग ती खास जमात, सामानापाशी बसणाऱ्या बायकांची. मराठी घर सहलीला निघालं की त्यात एक माणूस सामानापाशी बसायला असतंच. ते कुणी ठरवत नाही. सगळे तलावाकडे धावतात आणि एक आवाज येतो, "तुम्ही जा रे, मी बसते सामानापाशी." आई, आजी, मोठी काकू, नाहीतर बिनलग्नाची आत्या. लॉकर होते, पण लॉकरवर आपला विश्वास नाही. मग ही बाई पिशव्या, चपला, घड्याळं, टॉवेल असा डोंगर मांडून लॉकरसमोरच्या पायऱ्यांवर उन्हात बसणार. पाणी पिणार नाही, कारण मग संडासला जावं लागेल, आणि सामान कुणावर टाकून जाणार? गोळी जेवणानंतरची, आणि जेवण पोरं आल्यावर. मे महिन्यात दुपार चढली की अशी एखादी तरी बाई डोळे फिरवायची आणि मग माझ्याकडे आणायचे. मला त्या बायकांचा राग यायचा, त्यांच्या घरच्यांचा त्याहून जास्त यायचा, आणि मी तो दोघांवरही काढायचे.

आमचे मॅनेजर प्रधान साहेब. मूळचे ठाण्याचेच, मवाळ माणूस, गळ्यात टाय आणि कपाळावर कायम घाम. त्यांच्यामागे मी भुणभुण लावली, की लॉकरसमोर सावली करा. त्यांनी मालकांशी झगडून ती केली, हे त्यांचं श्रेय. लॉकरच्या समोर, रस्त्याच्या मधोमध एक आंब्याचं जुनं झाड होतं. त्याच्याखाली कडाप्प्याचा लांबट ओटा बांधला, वर पत्रा, शेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ. तिथून तलाव सगळा दिसायचा. आता याला नाव काय द्यायचं? ऑफिसात चहा पिता पिता कुणीतरी म्हटलं, ‘विसावा’. सगळ्यांना आवडलं. बंगल्यांना असतं, हॉटेलांना असतं, गोड मराठी शब्द. पेंटरने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत सुरेख बोर्ड रंगवला आणि ओट्याच्या माथ्यावर लावला.

आणि त्या ओट्यावर कुणी बसेना.

तरुण पोरं दोन मिनिटं टेकायची, बुटांच्या नाड्या बांधायची आणि जायची. पण ज्यांच्यासाठी बांधला त्या बायका समोरच्या पायऱ्यांवर, उन्हात. म्हातारे खांबाला टेकून. मी जाऊन सांगायचे, "अहो, एवढी सावली आहे समोर, तिकडे बसा." तर "नको, इथेच बरं आहे." का नको, तर "असू दे हो." एवढं बोलून तोंड फिरवायचे. एका बाईला मी हाताला धरून उठवलं, तर ती ओट्यापर्यंत आली, वर बघितलं, आणि चप्पल विसरले म्हणून जी परत गेली ती गेलीच. चप्पल तिच्या पायात होती.

डोंबिवलीचे लेले काका म्हणून एक होते. रिटायर्ड माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. सुट्टीत नातवंडांना घेऊन सारखे यायचे. नातवंडं पाण्यात सोडली की तडक माझ्या खोलीत. "सिस्टर, जरा चक्कर आल्यासारखं होतंय." मी नाडी बघायची, घड्याळासारखी. पलंगावर आडवे झाले की पाच मिनिटांत घोरायला लागायचे. तास-दीड तासाने उठून "आता बरंय" म्हणून जायचे. एकदा मी वैतागले. म्हटलं, "काका, पलंग आजाऱ्यांसाठी आहे. झोपायचंच असेल तर समोर विसावा बांधलाय, तिथे आडवे व्हा." काका माझ्याकडे बघून मिस्कील हसले. म्हणाले, "नको हो सिस्टर. मला अजून वेळ आहे." मला वाटलं नातवंडं यायला वेळ आहे असं म्हणतायत. मी म्हटलं, "वेळ आहे म्हणूनच सांगते, जा." ते हसतच राहिले आणि कुशीवर वळून पुन्हा घोरायला लागले.

इकडे मालकांचा माणूस येऊन रिकामा ओटा बघून गेला. व्हिडिओ गेमवाला कुणी एकजण ती जागा मागत होता, भाडं चांगलं देणार होता. प्रधान साहेबांनी मला बोलावलं. "सिस्टर, मी तुमच्या शब्दावर बांधून घेतला. आता ते म्हणतात, लोकांना बसायचंच नाहीये, तर जागा कशाला अडवायची? मे महिना संपेपर्यंत मी थांबवून धरतो. माणसं बसली तर राहील. नाहीतर तिथे मशिनं येतील."

मशिनं आली असती तर पुन्हा सावली कुणी दिली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मालक म्हणाले असते, एकदा देऊन बघितली की. मी दिवसभर त्या ओट्याभोवती फिरायला लागले. गोड बोलून बघितलं, ओरडून बघितलं. एकदा मीच जाऊन बसले, की मला बघून तरी कुणी येईल. युनिफॉर्ममध्ये नर्स एकटी ओट्यावर बसलेली बघून लोक आणखी लांबून जायला लागले. मी अगदी टेकीला आले. आपली माणसं फुकटच्या सावलीत का बसत नाहीत हे कोडं मला सुटेना, आणि ज्यांना माहीत होतं त्यातलं एकही माणूस तोंड उघडेना.

मेचा शेवटचा आठवडा. सकाळीच एक टेम्पो भरून खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं घर आलं. मुलं, मुली, जावई, भाचरं, सगळी हसरी आणि मोठ्या आवाजाची. बाहेरचं खाणं आत आणायला बंदी होती, तर गेटवर त्यांच्या पिशवीत सुक्या बोंबलांची चटणी सापडली. गेटवरचा पोरगा परप्रांतातला, त्याने डबा उघडला आणि चार पावलं मागे सरला. डबा आत गेला. त्यांची आई हिराबाई, साठीची, काटक. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कानात जड सोनं. मुलगा जगन तिला म्हणत होता, "आये, तू पन चल पान्यात." ती म्हणाली, "खाडीत जनम गेला माझा, तुमच्या या हौदात काय येऊ? जावा तुमी. मी बसते सामानाशी." आणि पायऱ्यांवर पिशव्या रचून बसली.

मी नेहमीप्रमाणे गेले. "आजी, ऊन वाढेल. समोर सावलीत बसा ना."

तिने बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "इथंच बरी हाय गो बाय. पोरा दिसतान इथनं."

"तिथूनही दिसतात."

"दिसू दे. तिकरं नको."

"पण का नको? काय आहे तिकडे?"

"नको मंजे नको. तू जा, तुझा काम बघ."

एवढं तोडून बोलल्यावर मीही फणकाऱ्याने निघून आले.

दुपारी एक मुलगी धावत आली, की पायऱ्यांवर एक आजी आडवी झालीय. बघते तर हिराबाई. अंग गार, घामाने निथळलेलं, नाडी हाताला जेमतेम लागत होती. ऊन, उपास आणि पाण्याचा थेंब नाही. डोळे अर्धवट उघडे पण हाक मारली तर ओ देईना. एक हात मात्र पिशवीच्या बंदात घट्ट अडकलेला, तो सोडवायला मला जोर लावावा लागला. माझी खोली चढावर, लांब. समोर ओटा, सावली, पाणी. मी सिक्युरिटीच्या चौघांना स्ट्रेचर आणायला सांगितलं आणि म्हटलं, ओट्यावर घ्या, तिथेच झोपवू.

आता पुढचं दृश्य जसं झालं तसं सांगते. पायऱ्या आणि ओटा यांच्या मधे रांगेसाठी लावलेले लोखंडी बार होते, कमरेइतके उंच. स्ट्रेचर हातात धरून नेता येईना, म्हणून चौघांनी तो खांद्यावर घेतला. ऊन लागू नये म्हणून मी म्हातारीच्या अंगावर पांढरी चादर टाकलेली. पुढे मी, हातात पाण्याचं भांडं, तोंडाने "बाजूला व्हा, बाजूला व्हा." गर्दी दुभंगली. एरवी घसरगुंडीच्या रांगेत इंचभर न सरकणारे लोक एकदम दोन्ही बाजूंना होऊन गप्प उभे राहिले. मला वाटलं, वा, लोकांना शिस्त आली. बाजूला लेले काका उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले. ते बघून आणखी दोघा-तिघांनी जोडले.

चौघांनी स्ट्रेचर ‘विसाव्या’वर टेकवला.

तलावातून जगन आणि त्याच्या बहिणी धावत येत होत्या, कुणीतरी निरोप दिलेला. पार्काची भाड्याची निळी चड्डी, अंगावरून पाणी ठिबकतंय, असा तो बारपाशी आला, समोरचं बघितलं आणि मटकन खालीच बसला. "आये..." असा जो आवाज त्याने काढला, तो मी हॉस्पिटलात पुष्कळ वेळा ऐकलेला होता. त्याच्या मागून बहिणींनी हंबरडा फोडला. मी ओरडतेय, "अहो, काही झालेलं नाही, चक्कर आलीय नुसती." पण ऐकतंय कोण?

त्या आक्रोशाने की गार कडाप्प्याने, हिराबाईने डोळे उघडले. वर बोर्ड. अंगावर पांढरी चादर. भोवती हात जोडलेली माणसं. क्षणभर तिची नजर अशी झाली, की मी आयुष्यात ती विसरणार नाही. मग तिने चादर लाथेने उडवली आणि उठायला धडपडली. "मना इथं टेकवू नका रं. मी जिती हाय. उतरवा मना. मी जिती हाय."

मी तिला खांद्याला धरून दाबायला बघतेय, ती माझ्या हाताला चावायच्या बेतात. मी म्हटलं, "आजी, पडून राहा, जिवाला धोका आहे." तर ती म्हणाली, "धोका हाय म्हनूनच उठते ना गो. तुला काय ठावं नाय का? इसाव्यावर कुनाला ठेवतान?"

मग मला कळलं. तोपर्यंत खरंच कळलेलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर ओटा असतो, तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि पुढे स्मशानात नेतात, त्या ओट्याला विसावा म्हणतात. मी माणसं मरताना किती बघितली, पण आम्ही बायका दारातूनच मागे फिरतो. पुढे काय होतं ते ऐकून माहीत, डोळ्यांनी बघितलेलं नाही. आणि आम्ही काय केलेलं? रस्त्याच्या मधोमध, आंब्याखाली, माणूस आडवा मावेल एवढा काळ्या दगडाचा ओटा बांधून वर ठळक अक्षरांत तेच नाव लिहिलेलं. बंगल्यावर तो शब्द गोड वाटतो, तिथे ओटा नसतो. नंतर कळलं की माळीकाम करणाऱ्या गावच्या बायका ओटा झाल्यापासून मागच्या पायवाटेने जायच्या. असल्या गोष्टी तोंडाने बोलायच्या नसतात, म्हणून कुणी बोललं नाही.

गलका ऐकून प्रधान साहेब धावत आले. हिराबाईचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं आणि ते जागच्या जागी थांबले. बोर्डाकडे बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "सिस्टर, माझ्या वडलांना आम्ही टेकवलेलं हो. खांदा द्यायला मीच होतो. आणि मला आठवू नये?"

त्यांनी खुर्ची मागवली, टायसकट वर चढले आणि बोर्ड ओढायला लागले. तो पक्का ठोकलेला, निघेना. खालून लेले काका म्हणाले, "डाव्या बाजूचा खिळा आधी काढा." टोपी त्यांनी पुन्हा घातलेली होती. चौघा सिक्युरिटीवाल्यांपैकी एकाने पक्कड आणली. बोर्ड खाली आला तसा प्रधान साहेबांनी तो उलटा करून आंब्याच्या खोडाला टेकवला आणि हिराबाईसमोर हात जोडले. "आई, चूक झाली आमची. आता नाही काही लिहिलेलं. पडा जरा."

ती वर बघत राहिली. रिकामा पत्रा आणि आंब्याची पानं. मग जगनकडे वळली. तो अजून खाली बसून रडत होता, त्याला थांबताच येईना. "कशाला रडतंस रं? मी मेले नाय. सामानाशी कोन हाय?"

सामानापाशी कुणीच नव्हतं. पिशव्या पायऱ्यांवर तशाच, बोंबलांच्या डब्यासकट. सगळं घर मागे वळून धावलं. पिशव्या येऊन तिच्या उशापायथ्याशी लागल्यावरच बाई आडवी झाली. पाय उंच केले, ओल्या फडक्याने अंग पुसलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं. डॉक्टर ठाण्याहून येईपर्यंत नाडी ताळ्यावर आलेली. त्यांनी तपासून सांगितलं, झोपू द्या. जगनने गार पाण्याचा नळ सोडून ठेवला होता, तो मी ओरडून बंद करायला लावला. मग तो आईच्या पायाशी बसला आणि तळवे चोळत राहिला. त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरला नाही.

बोर्डाचं काय करायचं यावर ऑफिसात पुन्हा चहा झाला. कुणी ‘विश्रांती’ म्हणालं, कुणी ‘आराम’. प्रधान साहेबांनी कप बाजूला ठेवला. मग म्हणाले, "माझी आई जन्मात कधी आरामाला म्हणून कुठे बसली नाही. शेंगा सोलायला बसायची, निवडायला बसायची. यांनाही आरामाला नका बोलवू, कामाला बोलवा." दुसऱ्या दिवशी त्याच निळ्या पाटीच्या मागच्या बाजूवर अक्षरं आली, ‘सामान येथे ठेवावे’. मी मनात हसले. पण सामान आलं, आणि सामानामागून बायका आल्या. महिन्याच्या अखेरीला व्हिडिओ गेमवाला जागा मोजायला आला, तर त्याला टेप लावायलाही कडाप्पा दिसेना. त्याने चपलांवर पाय दिला म्हणून दोघी त्याच्यावर ओरडल्या. तो गेला तो पुन्हा आला नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मी सोडण्याच्या आसपास, नवीन राईडसाठी तो ओटा आणि आंबा दोन्ही गेले. प्रधान साहेब तेव्हा नव्हते. मी भांडले, पण नव्या माणसांना मी काय बोलतेय तेच समजेना. ते मला अजून लागतं.

आता राहिलं ते त्या संध्याकाळचं. उन्हं उतरली तेव्हा हिराबाईला जाग आली. उठून बसली, केस सारखे केले, चहा मागितला, बशीत ओतून प्यायली. जगन म्हणाला, "आये, उचलून नेतो तुना टेम्पोपर्यंत." तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढे केलेले हात मागे घेतले. ओट्याचा काठ धरून ती खाली उतरली. पाय जमिनीवर ठरले आणि ती तशीच उभी राहिली, हात कडाप्प्यावर ठेवून. समोरच्या पायऱ्यांवर सामानवाल्या बायका बसलेल्या, दुपारपासून सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"माझ्या घराच्या दारातनं इसावा दिसते," ती म्हणाली. माझ्याशी बोलत होती की त्यांच्याशी, कळलं नाही. "सासरा बघितला मी तिथं टेकवलेला. घोव बघितला. थोरला पोर माझा दर्यात गेलेला, त्याला पन तिथंच टेकवलेला बघितला. तिथनं पुढं नेले त्यातला एक मागारी आला नाय."

तिने ओट्यावरून हात फिरवला, एखाद्या म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"इथनं उठून आपल्या पायानं घरी चालली, ती मी पयलीच. आता बसा गो सगल्या खुशाल."

आणि ती चालायला लागली. पिशव्या घेऊन घरची माणसं मागे, ती पुढे. गेटपर्यंत तिने कुणाचा हात धरला नाही. मी बघत उभी राहिले. वळून बघते, तर सकाळपासून लॉकरच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक पोटुशी बाई पिशवी घेऊन आलेली, आणि हिराबाई झोपली होती त्याच जागी पाय वर घेऊन बसली होती. मी तिला बस म्हटलं नव्हतं.